सूचना: शेअर्ड मेमरीवर एलपार नेण्याआधी

मंडळी, पॉवर९पर्यंतच्या आयबीएम पॉवर सर्व्हरवरचं एलपार (सर्व्हरचा स्वतंत्र चालणारा भाग, म्हणजेच पार्टिशन) डेडिकेटेडवरून (फक्त त्याच्यासाठी राखलेल्या मेमरीवरून) शेअर्ड मेमरीवर (अनेक एलपार वाटून घेतात त्या पूलवर) न्यायचं असेल, तर नुसतं प्रोफाइल (त्याच्या सेटिंगचा संच) बदलून रीबूट मारू नका. पार्टिशन पूर्ण शटडाउन करून नव्या प्रोफाइलने अॅक्टिव्हेट करावं लागतं. प्रोसेसर शेअर्ड हवेत, आणि सगळं आय-ओ व्हीआयओएसमधूनच (बाकीच्या एलपारना डिस्क, नेटवर्क वाटून देणारं खास पार्टिशन). एकही फिजिकल अडॅप्टर चालत नाही.

एआयएक्स (आयबीएमची युनिक्स), लिनक्ससाठी पेजिंग डिव्हाइस (पूलमध्ये न मावणारी मेमरी जिथे जाते ती डिस्क) किमान प्रोफाइलमधल्या मॅक्सिमम मेमरीएवढं हवं, डिझायर्डएवढं (सुरू होताना मागितलेल्या मेमरीएवढं) नव्हे. गाडं अडतं ते इथेच. आयबीएम आयला (आयबीएमची दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) त्याहून थोडं जास्त लागतं.

नंतर एआयएक्सवर ‘व्हीएमस्टॅट -एच’ (vmstat -h) चालवून एचपीआयचा (हायपरव्हायजरला पेजिंग डिव्हाइसवरून परत आणावी लागलेली मेमरीची पानं) आकडा बघा. सतत चढाच दिसला, तर पूल अपुरा पडतोय. डेटाबेसचं एलपार मात्र, माझं ऐकाल तर, डेडिकेटेडच राहू द्या.