सप्तपदी, चर्च आणि तीस दिवसांची नोटीस

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. लेकीनं वसईच्या कॅथलिक मुलाशी लग्न ठरवलंय आणि तुम्हा दोघांची त्याला हरकत नाही, हे वाचून फार बरं वाटलं. अडलंय ते विधीवर. वहिनींना सप्तपदी हवी, मुलाच्या घरच्यांना चर्च हवं, मुलं म्हणतात रजिस्टर करू. 'तिन्ही उरकून टाकू, म्हणजे कुणीच नाराज नको,' असं तू लिहिलंयस. तिथंच तुला अडवतो. लग्न म्हणजे काय, याची या तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि एकाच जोडप्याकडून तिन्ही उत्तरं वदवून घेणं मला पटत नाही.

आधी सप्तपदी, कारण वहिनींचा जीव तिच्यात आहे. आपल्याकडे अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की लग्न लागलं असं समजून मंडळी पंगतीकडे वळतात. मुख्य गोष्ट पुढंच असते. तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि वधू एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढं जाते. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनवृद्धीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्याला काही मागायचं नसतं, तिथं 'सखा सप्तपदी भव' एवढंच म्हणायचं. सातव्या पावलाला नवरा-बायको एकमेकांचे सखा होतात. अग्नीभोवतीचे फेरे वेगळे, तो लाजाहोमाचा भाग. हल्ली दोन्हींची सर्रास गल्लत होते.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलमही हेच धरून आहे: ज्यांच्या रिवाजात सप्तपदी आहे, त्यांचं लग्न सातवं पाऊल पडताच पूर्ण होतं. ज्यांच्यात ती नाही, त्यांना तिची सक्ती नाही. त्रिशरण-पंचशील घेऊन लागलेलं बौद्ध लग्न तितकंच पक्कं. पण हा कायदा दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तरच लागू होतो. एक बाजू ख्रिस्ती असेल तर या कायद्याखाली लागलेलं लग्न ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली स्पष्ट केलंय. नुसत्या दाखल्यानं लग्न होत नाही, हेही 2024 मध्ये एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात ठरलं. तिथं विधी झालेच नव्हते, म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असूनही न्यायालयानं ते लग्न मानलं नाही. त्यामुळे 'एका दिवसापुरतं मुलाचं शुद्धीकरण करून घ्या' असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. श्रद्धा नसताना धर्म बदलायला लावणं हा त्या मुलाचा अपमान आहे आणि आपल्या धर्माचाही.

आता चर्च. कॅथलिकांसाठी विवाह हा संस्कार आहे आणि तो न मोडणारा. वर-वधू एकमेकांना वचन देतात, फादर त्याचे साक्षीदार. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. ती मागताना, मुलं झाली तर त्यांचा बाप्तिस्मा आणि ख्रिस्ती संगोपन व्हावं म्हणून होईल तेवढं करीन, असं वचन मुलगा देतो. तुझ्या लेकीला ते वचन द्यावं लागत नाही, पण त्यानं ते दिलंय हे तिला सांगितलं जातं. या मुद्द्यावर त्या दोघांनी आत्ताच मोकळेपणानं बोलायला हवं. पाळणा हलल्यावर ही गोष्ट निघाली की घरं दुभंगतात.

आणि इथंच तुझा 'तिन्ही' चा बेत अडतो. चर्चमध्ये लग्न लावायचं असेल तर त्याच्या आधी किंवा नंतर दुसरा धार्मिक विवाहविधी करून पुन्हा वचन घेण्याला चर्चच्या कायद्याची मनाई आहे. चर्चनंतर संध्याकाळी हॉलवर सप्तपदी केली, तर मुलाकडून चर्चचा हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो. सप्तपदी मी मनापासून मानतो, म्हणूनच ती फोटोसाठी होऊ नये असं मला वाटतं. चर्च नकोच असेल, तर चर्चच्या विधीतूनही सूट मागता येते, पण ती मुलानं मागायची, आणि आधी.

मुलांचं म्हणणं मला सर्वांत सरळ वाटतं: 1954 चा विशेष विवाह कायदा. तो कुणाला धर्म सोडायला लावत नाही. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलाय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावली जाते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथंही प्रत जाते. तुमच्याकडच्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातही ती लागू शकते, तेव्हा नातेवाइकांना आधीच कळवून ठेव. मुदत मोजताना लोक हमखास चुकतात. लग्नाआधी हरकतींसाठी थांबायचे तीस दिवस नोटीस लागल्यापासून धरायचे, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होऊन सगळं पहिल्यापासून. 2 नोव्हेंबरला नोटीस देऊन त्याच दिवशी ती लागली, तर 2 डिसेंबर उलटल्यावर ते जानेवारीअखेरपर्यंतचीच तारीख धरा. हॉल त्यानंतरच बुक कर. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, आणि दोघांनी त्यांना समजणाऱ्या भाषेत एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं म्हणायचं. मराठीत म्हणू देत, वसईच्या त्या घरातही प्रार्थना मराठीतच होत असणार.

मालमत्तेचं एक लक्षात ठेव. या लग्नानं लेक तुमच्या एकत्र कुटुंबातून कायद्यानं विभक्त होते, आणि पुढं तिच्या स्वतःच्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. तुझ्याकडून वारसा मिळण्याचा तिचा हक्क मात्र जात नाही. वडिलोपार्जित जमिनीचं काय ते वकिलाला विचारून आधीच कागदावर आण.

चर्चही करायचं ठरलं तर नोंदणी आधी की नंतर, हे फादरना विचारूनच ठरवा. चर्चमधलं लग्न 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं स्वतःच कायदेशीर असतं. ते आधी झालं, तर विशेष कायद्याखाली नव्यानं लग्न लावायचं नसतं, झालेल्या लग्नाची नोंद करायची असते. तिचा अर्ज वेगळा, आणि तीस दिवस तिथंही आहेतच.

वहिनींना सांग, केळवण, हळद, कुलदेवतेचं दर्शन, उंबरठ्यावरचं माप, यांतल्या कशातही वचन दिलं-घेतलं जात नाही. ते सगळं हौसेनं करा, जावयालाही हळद लावा. फक्त तांदळाच्या राशी मांडू नका.

नोटिशीची तारीख ठरली की कळव. साक्षीदार कमी पडला तर मी येतोच.

तुझाच,
श्रीधर