काकवीची खतावणी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२२ फेब्रुवारी

चि. मनू हीस अनेक आशीर्वाद.

रोज रात्री तू फोनवर, तू आणलेल्या कुत्र्याच्या पिलाबद्दल, ‘काकवी कशी आहे’ असे विचारतेस आणि मी ‘मजेत आहे’ एवढे सांगून फोन तुझ्या आईकडे देतो. हे उत्तर खोटे नसले तरी पुरते खरेही नाही. परवा तू म्हणालीस की तुम्हाला तिचा त्रास होत असेल तर तिला कुणाच्या तरी मळ्यावर सोडू या. तेव्हा मात्र सगळे सविस्तर लिहायचे ठरवले. तीस वर्षे गुळाच्या अडतीत दिवाणजी म्हणून कीर्द-खतावणी लिहिली, त्या सवयीने काकवीचीही एक वही घातली आहे, आणि पुढचे सगळे ती वही समोर ठेवूनच लिहितो आहे.

२७ डिसेंबरला रंकाळ्यावरून तू तिला ओढणीत गुंडाळून आणलीस, त्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तिचे वजन १ किलो ८५० ग्रॅम भरले होते. बरगड्या मोजता येत होत्या, पोट मात्र टम्म होते, आणि ते पाहून ‘खाऊनपिऊन सुखी आहे’ असे म्हणत आपण हसलो होतो. ते पोट खाण्याचे नव्हते, जंतांचे होते. समोरच्या काकूंनी तिला गुळाचा खडा चाटताना पाहिले होते, त्यामुळे गोड दिल्यानेच जंत झाले असा निवाडा त्यांनी गल्लीभर जाहीर केला. ज्याचा संसार गुळावर चालला त्याला हा आरोप मुकाट्याने सोसवेना, म्हणून मी डॉक्टरांना मुद्दाम विचारले. त्यांनी सांगितले की गोल जंत पिलू आईच्या पोटात असतानाच त्याच्या अंगात उतरतात आणि पुढे दुधातूनही येतात. गुळाचा त्यात काही संबंध नाही. गूळ निर्दोष सुटला. पिलाला गोड देऊ नका, हेही त्यांनी त्याच दमात बजावले, पण ते मी काकूंना सांगितलेले नाही.

तू गेल्यावर दोन दिवसांनी, ४ जानेवारीला, तिला जुलाब सुरू झाले. त्यात दोष माझा. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारे म्हशीचे दूध पिऊन आपल्या तालमीतली पोरे अंग धरतात, मग या हाडकुळ्या पिलाने का धरू नये, असा सरळ हिशेब मी केला होता आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध चालू केले होते. जुलाब लागल्यावर एका औषध दुकानात विचारले, तर माणसांच्या जुलाबाची गोळी अर्धी करून द्या, असा सल्ला मिळाला. गोळी घेऊन घरी आलोही. तुझ्या आईने हात धरला आणि आधी डॉक्टर, असे म्हणून मला पायातल्या चपलांसह परत बाहेर काढले. तिचे ऐकले हे बरे झाले, कारण माणसांची औषधे अंदाजाने देऊन पिले दगावतात, आणि तापासाठी आपण सहज घेतो त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही कुत्र्याला विषासारख्या असतात.

डॉक्टरांनी आधी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती चटकन जागेवर बसते ना ते पाहिले, म्हणजे अंगातले पाणी कमी झाले आहे का ते कळते. तिचे अंग मला तापल्यासारखे लागत होते, पण कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते. १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइटपर्यंत त्याला ताप म्हणत नाहीत. म्हशीच्या दुधातली साखर आणि स्निग्धांश तिला पचत नव्हते. दूध बंद झाले, मऊ भात आणि बिनमसाल्याचे, हाडे काढलेले उकडलेले चिकन सुरू झाले आणि जंतांचे औषध वजनावर मोजून दिले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात जे पडले ते पाहून तुझ्या आईने शेवयांच्या खिरीचा बेत रद्द केला, आणि अजूनही आमच्याकडे शेवया झालेल्या नाहीत. औषध तेवढ्याने संपत नाही. दर पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे लागते, तसे ते चालू आहे.

आता जे फोनवर सांगितले नाही ते लिहितो. ज्या चहाच्या गाड्यापाशी तुला काकवी सापडली तिथे तिची दोन भावंडे राहिली होती. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती दोन्ही तीन दिवसांच्या आत गेली. आधी उलट्या, मग घाण वासाचे रक्ताचे जुलाब. गाडीवाल्याने सांगितलेले वर्णन मी डॉक्टरांच्या कानावर घातले तेव्हा पार्व्हो असणार, एवढेच ते म्हणाले. तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकून राहतो आणि माणसाच्या चपलेला लागूनही घरात येतो, म्हणून रंकाळ्याची माझी सकाळची फेरी मी तेव्हापासून बंद केली आहे आणि बाहेरच्या चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत. लस आहे, पण ती एका टोचणीत भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या काही आठवड्यांत लशीलाच निकामी करते आणि ती नेमकी कोणत्या दिवशी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी टोचत राहायचे. तिला १० जानेवारी, ३१ जानेवारी आणि काल २१ फेब्रुवारी अशा तीन लशी झाल्या, आणि तीन महिने भरल्यामुळे रेबीजचीही लस कालच झाली.

लशी पुऱ्या होईपर्यंत तिला रस्त्यावर सोडायचे नाही, पण जग दाखवणेही थांबवायचे नाही, ही डॉक्टरांची अट मला आधी चमत्कारिक वाटली. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलू जे पाहते-ऐकते ते त्याला आपले वाटते आणि त्या दिवसांत जे कधी भेटलेच नाही त्याला ते पुढे जन्मभर बिचकू शकते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून मी रोज संध्याकाळी तिला बाजाराच्या कापडी पिशवीत बसवून, पिशवी छातीशी धरून, फुलेवाडीच्या रस्त्याला नेऊन उभा राहतो. सध्या गळिताचा हंगाम असल्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जात असतात. पहिल्या दिवशी ती पिशवीच्या तळाशी गेली आणि तिचे थरथरणे मला सदऱ्यातून जाणवत होते. मी जरा लांब सरकलो आणि प्रत्येक ट्रॅक्टरमागे तिला चिकनचा एक तुकडा दिला. आता लांबून गाणे ऐकू आले की ती रस्त्याकडे न पाहता माझ्या खिशाकडे पाहते. ओळखीचे लोक दिवाणजींनी पिशवीत काय आणले म्हणून वाकून बघतात. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, आता वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. १२ जानेवारीला खेळता खेळता तिचा दात माझ्या मनगटाला लागला आणि ओरखडा उठला. रक्त आले नाही, तरी घड्याळ लावून पंधरा मिनिटे नळाखाली साबणाने हात धुतला आणि सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, गेलो. रस्त्यावरून आलेले, लस न झालेले पिलू म्हटल्यावर ‘एवढेसे तर आहे’ असे म्हणून चालत नाही, कारण रेबीज पिलांनाही होतो. १२, १५, १९ जानेवारी आणि ९ फेब्रुवारी अशा चार खेपांत दंडावरच्या कातडीत इंजेक्शने झाली. पूर्ण झाली, काळजी नसावी. त्या रांगेत मला माझे नववे वर्ष आठवत होते. तेव्हा गावाकडे कुत्रे चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस २००५ च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली, पण ज्यांनी ती घेतली त्यांना ते चौदा दिवस विसरता येत नाहीत. मी आयुष्यभर कुत्र्यापासून चार हात लांब का राहिलो, हे तुला कधी सांगितले नव्हते.

ती भीती म्हण किंवा राग म्हण, दुसऱ्या दिवशी तिने तुझ्या आईच्या पदराला दात घातले तेव्हा मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिच्या पाठीत घातली. लागेल इतक्या जोराने नाही, अशी त्या वेळी मी माझीच समजूत घातली. त्यानंतर तिने घरात लघवी करण्याचे प्रमाण एकदम वाढले आणि मी वहीत रोज वेळ, जागा आणि ‘घाण केली’ असा शेरा मांडत गेलो. ही वही घेऊन मी जरा तक्रारीच्याच सुरात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाने उलटली आणि विचारले, या प्रत्येक वेळी तिच्यासमोर कोण होते? आम्ही दोघांनी बसून आठवून आठवून लिहिले. अठरा नोंदींपैकी सात नोंदी झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर पाव तासाच्या आत किंवा खेळ थांबल्यावरच्या होत्या. म्हणजे तिला वेळेवर परसात न नेल्याच्या. उरलेल्या अकरांपैकी नऊ वेळा मी समोर उभा होतो. भ्यालेले पिलू मोठ्या जनावरासमोर ‘मला मारू नका’ म्हणून तसे करते. ती घाण नव्हे, गयावया असते. एकाच खात्यावर दोन निराळ्या रकमा टाकल्या की ताळेबंद कसा जुळणार? तीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती.

त्यानंतर मी काय केले ते सांगतो. घरात आलो की तिच्याकडे न पाहता, न वाकता, तिच्याकडे कूस करून जमिनीवर बसायचे आणि वर्तमानपत्र वाचायचे. गुंडाळी न करता, उघडे. माझ्या गुडघ्यांना ते मानवत नाही, पण सोफ्यावर बसलेला माणूस तिला फार उंच वाटतो. आठ दिवस ती दारातूनच बघायची. ४ फेब्रुवारीला पान उलटल्याचा आवाज झाला तरी ती पळाली नाही. येऊन माझ्या पायाच्या अंगठ्याचा वास घेतला आणि हनुवटी पावलावर टेकून झोपली. पाऊल बधिर होईपर्यंत मी हललो नाही. त्या तारखेपासून वहीत दुसऱ्या, म्हणजे गयावयेच्या, खात्यावर तीनच नोंदी आहेत.

चावणे अजून आहे. दात लागला की आम्ही खेळ तिथेच थांबवून हाताची घडी घालतो आणि गाठ मारलेला जुना पंचा पुढे करतो. चौथ्या महिन्यापासून तिचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात यायला लागतील, तेव्हा हिरड्या सळसळतील आणि हे वाढेलच. तुझ्या चांगल्या चपला माळ्यावर ठेवल्या आहेत.

आता मळ्याचा विषय. ‘मादी कशाला ठेवली’ असे इथेही दहा जणांनी विचारले आहे, आणि रस्त्यावर टाकून दिलेल्या पिलांत माद्याच जास्त दिसतात त्याचे कारण हेच विचारणारे आहेत. तिला तशीच रानात सोडली तर वर्षाच्या आत तिला पिले होतील आणि त्यांतले एखादे पुन्हा कुणाला तरी ओढणीतून आणावे लागेल. सहा महिन्यांच्या सुमारास, पहिल्यांदा माजावर येण्याच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यायची, असे डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. तोवर तिला बंगळुरूला नेण्याचा विचारही करू नकोस. तू दिवसभर ऑफिसात असणार आणि ती बंद फ्लॅटमध्ये, हे मला पटत नाही. त्रासाचे म्हणशील तर तो आहे, पण तो आमच्या खात्यावर टाकलेला आहे.

आज सकाळी तिचे वजन ५ किलो २०० ग्रॅम भरले. आता ती किराणा दुकानाच्या पारड्यात मावत नाही, म्हणून धान्याच्या काट्यावर मी तिला घेऊन उभा राहतो आणि माझे वजन वजा करतो. पुढची लस १४ मार्चला आहे. तुझी आई तिला धरते खरी, पण सुई दिसली की स्वतःच डोळे मिटून घेते आणि हात ढिला पडतो. काल त्यामुळे दोनदा टोचावे लागले. त्या वेळी तुला येणे जमत असेल तर कळव. नाहीतर मी समोरच्या काकूंना विचारतो. त्यांचा हात घट्ट आहे.

तुझा,
आप्पा