फ्लोराइडवर बोलताना प्रमाण सांगा

महोदय,

फ्लोराइड म्हणजे विष, ते टूथपेस्टमध्ये घालतातच कशाला, असा सूर हल्ली वारंवार कानावर येतो. पालकांची काळजी मी समजू शकते. पण त्यापायी मुलांच्या हाती फ्लोराइड नसलेली पेस्ट दिली जाते, हे पाहून राहवत नाही.

एनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कठीण कवचाचा, वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या या स्फटिकांना हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणतात. शरीरात याहून कठीण काही नाही. मात्र ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, झिजलेले एनॅमल नव्याने येत नाही. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. दातालगतचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की स्फटिकांतून कॅल्शियम, फॉस्फेट सुटू लागते. थोड्या वेळाने लाळ आम्लाचा जोर मोडते आणि खनिज पुन्हा बसू लागते. ही देवघेव रोज, प्रत्येक खाण्यानंतर चालते. सारखे गोड खात राहिले की लाळेला सवडच मिळत नाही.

फ्लोराइडचे काम नेमके इथे आहे. लाळेत ते अगदी किंचित असले तरी खनिज परत बसण्याचा वेग वाढतो. शिवाय स्फटिकातल्या हायड्रॉक्सिल या घटकाच्या जागी ते स्वतः बसते. असा स्फटिक पीएच ४.५ च्या आसपास येईपर्यंत तग धरतो. पीएचमधला एक अंक म्हणजे आम्लता दहापट, हे लक्षात घेतले तर हा फरक केवढा मोठा आहे ते कळते. किडीची सुरुवात दातावरच्या खडूसारख्या पांढऱ्या डागाने होते. दात कोरडा केला की तो स्पष्ट दिसतो. वरचा थर शाबूत असेपर्यंत फ्लोराइडने तो डाग थोपवता येतो, कधी मागेही फिरवता येतो. एकदा खड्डा पडला की पेस्टचा इलाज संपला.

हा सारा परिणाम मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर होतो, पोटात जाऊन नव्हे. म्हणून दात घासल्यावर फेस थुंकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये.

भीतीलाही आधार आहेच. दात घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर डाग पडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांनी असे तपकिरी दात अभ्यासले, आणि तेच दात कमी किडतात हेही त्यांच्याच लक्षात आले. कारण पाण्यातले फ्लोराइड, हे १९३१ साली उलगडले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. पेस्टही वयानुसार घ्यावी: तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

आपल्या आरोग्यविषयक पानावर फ्लोराइडबद्दल लिहिताना ते किती आणि पोटात गेले की दातावर लागले, एवढे तरी आवर्जून छापावे, ही विनंती.

– रसायनशास्त्राची एक शिक्षिका