खुरपं माझ्या हातात देणाऱ्या काकांना

नर्सरीवाले काका,
सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी पहिला सोनटक्का उमलला. तेव्हाच पत्र लिहायला बसले होते, पण डोळे भरून आले आणि राहिलं. एका फुलापायी रडते म्हणून हसाल. पण कोथरूडच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागची ती दोन फुटी पट्टी चार वर्षं माझा अंत बघत होती. उत्तरेची बाजू, एकीकडे इमारत, दुसरीकडे कंपाउंडची भिंत आणि वर शेजारच्यांचा आंबा.

तुमच्याआधी एकांनी तिथे गुलाब, मोगरा आणि शेवंती लावून दिली होती. पैसे मोजून घेतले, ऊन काही मोजलं नाही. गुलाबाच्या काटक्या झाल्या. मोगरा नुसताच उंच वाढला, कळीचं नाव नाही. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, हाताला गुण लागतो." घरच्यांनी ते वाक्य झेललंच. पुढे तुळस छान वाढली तरी "ही कुणी लावली?" असं विचारलं जायचं. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं.

तुम्ही आलात ते रिकाम्या हातांनी. उकिडवे बसलात, चिमटीत माती घेतलीत, वर बघितलंत आणि विचारलंत, "इथे आठ वाजता काय असतं? आणि बाराला?" मला सांगता येईना. रागावला नाहीत. म्हणालात, भिंतीची सावली वेगळी आणि आंब्याची वेगळी. भिंतीपाशी ओल टिकते, आंब्याखाली मुळंच पाणी पिऊन टाकतात. म्हणून एसीचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात सोनटक्का आणि अळू, भिंतीलगत नेचे, आंब्याखालच्या कोरड्यात स्नेक प्लांट आणि जरा उजेड येतो त्या टोकाला अबोली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा तुमच्या या सावलीतही ऊन उतरेल, नेचे जपा, हेही तुम्हीच सांगितलंत. पन्नाशी उलटली माझी, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

गुलाब पुन्हा लावू का, विचारलं तर सरळ "नको" म्हणालात. विकायला बसलेला माणूस नको म्हणतो, हे आजकाल बघायला मिळत नाही. वर रोपं पिशवीतच पट्टीत मांडून ठेवायला लावलीत. पंधरा दिवसांत मान टाकली तर परत आणा, पैसे नंतर. असं वागायला काही फार लागत नाही हो, तरी किती जण वागतात?

पण हे सगळं एका बाजूला. लावायच्या दिवशी मी म्हटलं, "काका, तुम्हीच लावा, माझ्या हाताला यश नाही." तुम्ही खुरपं माझ्या हातात दिलंत आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. "दोष जागेचा होता, ताई. लावा." माझा हात थरथरला, कंद तिरका गेला. तुम्ही तो सरळसुद्धा केला नाहीत.

तोच तिरका सोनटक्का काल फुलला. अबोली अजून हटून बसली आहे, एकदा येऊन बघाल का? चहा ठेवते. आणि तुमचं खुरपं त्या दिवसापासून इथेच राहिलंय.

तुमची,
पट्टीवाली ताई