स्टॅकची तिसरी केबल कपाटात का राहते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृगाच्या पहिल्या पावसात शहरातल्या एका सहकारी संस्थेतून फोन आला. "लाईट गेली की नेट जातंय, आणि लाईट आल्यावर पण दहा मिनिटं येत नाही. यूपीएस नवा आहे की!" मी पोचलो तेव्हा काउंटरसमोर पिग्मीवाले मशीन घेऊन ताटकळत होते. येळ्ळूरहून आलेल्या एक आजी पासबुक पदराखाली धरून बाकावर बसल्या होत्या. सकाळी साडेदहाला आलेल्या, आता दुपारचा एक वाजला होता. स्वतःच्या खात्यातले पैसे काढायला अडीच तास बसावं लागतं, हे बघून जीव तुटला.

मी बेळगावात नेटवर्क केबलिंगचं काम करतो, उद्यमबागेतल्या फाउंड्रींच्या ऑफिसात हब बसवायचो तेव्हापासून. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी म्हणजे नेटवर्क स्विच; त्याच्या बिलावर ज्यांची सही होते, त्या संचालक, मुख्याध्यापक आणि दवाखान्यांच्या व्यवस्थापकांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

रॅक उघडला. 24 पोर्टचे (केबल घालायच्या जागांचे) तीन स्विच एकाखाली एक, मागून स्टॅक केबलने जोडलेले. स्टॅक केला की तीन स्विच मिळून एकच होतो. पत्ता एक, सेटिंग एक, त्यातला एक मुख्य आणि बाकीचे त्याचं ऐकणारे. साध्या पॅच कॉर्डनेही (छोट्या नेटवर्क केबलने) स्विचला स्विच जोडता येतो, पण मग ते तीन वेगळेच राहतात. स्टॅकसाठी जादा पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी की एक आजारी पडला तरी बाकीच्यांनी घर चालवावं.

मागे हात घालून चाचपलं तर दोनच केबली हाताला लागल्या. एक वरच्यातून मधल्यात, एक मधल्यातून खालच्यात. खालच्यातून परत वर जाऊन कडं पुरं करणारी तिसरी लावलेलीच नव्हती. शिवाय मधल्या स्विचची पॉवर कॉर्ड यूपीएसऐवजी भिंतीवरच्या साध्या बोर्डात.

मग सगळा उलगडा झाला. लाईट गेली की मधला बंद पडायचा. वरचा आणि खालचा यूपीएसवर चालू, दिवे हिरवे, म्हणून क्लार्क मंडळी म्हणत होती की स्विच तर चालूच आहेत. पण काउंटरचे कॉम्प्युटर वरच्या स्विचवर आणि सर्व्हर खालच्यावर. दोघांमधली वाटच तुटलेली. खालच्याला मुख्य स्विच दिसेनासा झाला की तो स्वतःच मुख्य व्हायचा, म्हणजे एका पत्त्याचे दोन मालक. लाईट आली की मधला पाचेक मिनिटांनी उठून दोघांना परत जोडायचा. मग दोघांत मुख्य कोण याचा निवाडा व्हायचा आणि हरलेला रीबूट होऊन आणखी चार-पाच मिनिटं घ्यायचा. दिवसातून चार वेळा लाईट गेली तर किती वेळ काउंटर बंद, हिशेब करा.

तिसरी केबल आहे का विचारलं. शिपाई मामा बैलहोंगलकडचे. "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) म्हणत त्यांनी स्टेशनरीचं कपाट उघडलं. स्विचच्या रिकाम्या खोक्यात अर्ध्या मीटरची केबल, पिशवीसुद्धा न फोडलेली. म्हणजे संस्थेने तिन्ही केबलींचे पैसे मोजले होते.

बसवून गेलेल्या पोरांना मी फार दोष देत नाही. आमच्या धंद्यात मजुरी पॉईंटमागे ठरते, स्टॅकच्या कामाची वेगळी मजुरी कोणी धरत नाही. संध्याकाळपर्यंत दिवे लागले की सही मिळते.

रविवारी संस्था बंद असताना काम केलं. ही केबल जाड असते, तिला जोरात मुरडायची नाही. कनेक्टर सरळ आत दाबायचा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी आवळायचे. अर्धवट बसलेला कनेक्टर लांबून नीटच दिसतो, नंतर दगा देतो. तिन्हींचं फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, एकच आहे हे बघितलं. मुख्य कोण हेही ठरवून दिलं. सिस्को कंपनीच्या स्टॅकमध्ये त्यासाठी 1 ते 15 आकडा असतो, मोठा आकडा वरचढ. मधल्याची कॉर्ड यूपीएसवर घेतली आणि रॅकला अर्थिंग दिलं.

मग मॅनेजरसाहेबांना शेजारी बसवलं, काउंटरवरून सर्व्हरला पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते सारखं विचारणारी तपासणी) चालू ठेवलं आणि एक स्टॅक केबल काढली. पिंग चालूच. केबल परत लावून मधल्याची पॉवरच काढली. त्याच्यावरचे कॉम्प्युटर गेले, पण काउंटर ते सर्व्हर वाट दुसऱ्या बाजूने चालू राहिली.

माझी कळकळीची विनंती आहे, हे तुमच्यासमोर करून दाखवल्याशिवाय सही करू नका. कोटेशनमध्ये जितके स्विच तितक्या स्टॅक केबली लिहून घ्या; दोन स्विच असले तरी दोन. पुढच्या वर्षी स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा स्विच आणाल तर तो या स्टॅकमध्ये बसणार नाही, कारण इथरनेट, म्हणजे साध्या नेटवर्क केबलवरची जोडणीची पद्धत, सगळ्यांचं एक असलं तरी स्टॅकिंग ज्याचं त्याचं वेगळं. त्याच कंपनीचा, या स्टॅकला चालेल असा स्विच आणलात तरी तो बंद ठेवूनच आधी केबल जोडायची, मग पॉवर द्यायची. आणि सर्व्हरची लाईन एकाच स्विचवर ठेवू नका. दोन लाईनी दोन वेगळ्या स्विचवर घेऊन एकत्र बांधता येतात.

निघताना रॅकच्या दारावर आतून एक कागद लावला: कोणता स्विच कोणाचा, कोणती केबल कुठून कुठे, कोणती कॉर्ड यूपीएसवरून काढायची नाही. मी मराठीत लिहिला होता. शिपाई मामांनी तो दोनदा वाचून घेतला आणि त्याच्याखाली सगळं कानडीत स्वतःच्या हाताने लिहून काढलं.

आपला,
एक केबलिंग कारागीर,
शहापूर, बेळगाव