घरी घेतलेलं इंजेक्शन म्हणजे व्यसन नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मायग्रेनवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज ऑफिसला निघायच्या आधीच लिहायला बसले. एरवी तुमची पुरवणी आमच्याकडे सगळे वाचतात, सासूबाई तर शब्दकोड्यासकट, पण या लेखाने फार त्रास झाला. 'घरच्या घरी सुया टोचून घ्यायची नवी सवय' म्हणे. आणि खाली चौकटीत सल्ला, की अटॅक आला तर जवळचं हॉस्पिटल गाठा, स्वतः इंजेक्शन घेऊ नका, सवय लागते.

जवळचं हॉस्पिटल गाठा हे ज्यांनी लिहिलं त्यांनी ते कधी गाठलंय का, मायग्रेनमध्ये?

मी गाठलंय. अनंत चतुर्दशीची रात्र होती. संध्याकाळपासून उजव्या डोळ्यामागे कोणीतरी स्क्रू पिळत बसल्यासारखं चाललं होतं, गोळी घेतली ती उलटून पडली, दुसरी घेतली तीही गेली. एलबीएस रोडवर पवई तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुका, रिक्षा एक थांबायला तयार नाही, शेवटी मी आणि नवरा चालत निघालो. डोक्यावरून ओढणी, हातात उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी, आणि शेजारून ट्रकवरचा डीजे आणि ते लेझर लाइट थेट डोळ्यांत. मायग्रेनवाल्याला उजेड आणि आवाज म्हणजे काय असतो हे ज्याला आहे त्यालाच कळेल. मिरवणुकीतल्या एका काकांनी मला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण तिथून नर्सिंग होमपर्यंतचं दहा मिनिटांचं अंतर मी कसं काढलं ते मलाच माहीत.

बरं, पोचल्यावर काय? आधी केस पेपर, मग डिपॉझिट, मग ट्यूबलाइटखाली खुर्चीत बसा, समोर टीव्ही चालू. तो बंद करा असं मी म्हणाले तर रिमोट नाहीये. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर (आरएमओ) आला, त्याने पहिला प्रश्न काय विचारला तर 'घरी काही टेन्शन आहे का?', तेही नवऱ्यासमोर. मी सांगतेय की मला कित्येक वर्षांपासून मायग्रेन आहे, फाइल मोबाइलमध्ये आहे, बघा, सुमाट्रिप्टान हे मायग्रेनवरचं औषध असेल तर द्या. ते स्टॉकमध्ये नव्हतं, आणि मला वाटतं नावही त्याला नीट माहीत नव्हतं. सीटी स्कॅन सांगितला. कंबरेत एक इंजेक्शन दिलं, पहाटेपर्यंत मी गुंगीत, दुसरा अख्खा दिवस अर्धवट शुद्धीत. डिस्चार्ज पेपरवर नंतर वाचलं, ते ट्रामाडॉल होतं.

संपादक महोदय, सवय लागण्याबद्दल लिहायचं तर इथे लिहायला पाहिजे होतं. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं औषध, 2018 पासून आपल्याकडे अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याखाली आणलंय ते याचसाठी. मी घरी जे घेते त्या सुमाट्रिप्टानच्या इंजेक्शनमध्ये नशा नाही, गुंगीचं औषध नाही, ते मायग्रेनमध्ये फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर आणि तिथल्या नसांवर काम करतं. म्हणजे हॉस्पिटलात जाऊन जे मिळालं ते सवयीचं, आणि घरी जे घेते ते सवयीचं नाही, आणि तुमच्या लेखात नेमकं उलटं छापलंय.

गोळी का नाही चालत हेसुद्धा कुठे लिहिलेलं नाही. मायग्रेन सुरू झालं की पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीत जाते. इंजेक्शन कातडीखाली जातं, दहा-पंधरा मिनिटांत उतार पडायला लागतो. डोस 6 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर औषध. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिला डोस स्वतःसमोर घ्यायला लावला, त्याआधी ईसीजी काढला, बीपी बघितलं, कारण हृदयाचा त्रास, आधी स्ट्रोक किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर हे औषध द्यायचंच नाही. छातीत, गळ्यात थोडं आवळल्यासारखं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं म्हणून झालं तेव्हा मी घाबरले नाही. तिथल्या सिस्टरनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला चिमटीत कातडी कशी धरायची, सुई किती आत न्यायची, काढल्यावर चोळायचं नाही, हे माझ्याच हाताने करवून घेतलं. दुसरा डोस लागलाच तर निदान एक तासानंतर आणि 24 तासांत दोनच्या वर नाही. एर्गोटामाइनवाली डोकेदुखीची गोळी घेतली असेल तर 24 तास हे घ्यायचं नाही. हे सगळं आमच्या फ्रिजच्या दारावर लिहून लावलंय, मुलगासुद्धा पाठ म्हणून दाखवतो.

जपायचं काही नाही असं मी म्हणत नाही. महिन्यात दहा किंवा जास्त दिवस ट्रिप्टान, म्हणजे सुमाट्रिप्टानच्या जातीचं औषध, घेतलं तर औषधामुळेच डोकं दुखायला लागतं, साध्या पेनकिलरचं पंधरा दिवसांना तसं होतं. मी कॅलेंडरवर खुणा करते आणि डॉक्टरांना दाखवते. ही माहिती लेखात आली असती तर वाचणाऱ्याचं भलं झालं असतं, तर तिथे नुसतं 'सुईची सवय' म्हणून घाबरवून ठेवलंय. तो वाचून कोणा मुलीच्या घरचे तिचं इंजेक्शन बंद करतील, आणि ती अंधाऱ्या खोलीत दोन-तीन दिवस पडून राहील. मायग्रेनचा एक अटॅक उपचाराशिवाय 72 तासांपर्यंत चालू शकतो.

सासूबाई वर्षानुवर्षं रोज पोटात इन्सुलिन घेतात. मुंबईत कुठल्याही मजल्यावर जा, एक तरी घर असं सापडेल. त्यांना कोणी सवय लागली म्हणत नाही, म्हणूही नये. मग डोकेदुखीच्या बाईलाच का?

आणखी एक. लेखात दोन वेगवेगळ्या इंजेक्शनांची सरळ गल्लत केली आहे. एक अटॅक आल्यावर घ्यायचं, ते वरचं. दुसरं अटॅक येऊच नयेत म्हणून, एरेनुमॅब वगैरे, जे मायग्रेन पेटवणाऱ्या सीजीआरपी नावाच्या रेणूचं काम अडवतं. अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली, महिन्यातून एकदा घेतात, फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं आणि अर्धा तास आधी बाहेर काढायचं. ते दुखायला लागल्यावर टोचून काही उपयोग नाही. तुमच्या लेखात दोन्ही एकाच वाक्यात, एकाच नावाने. मला डॉक्टरांनी ते महिन्याचं सुचवलं होतं, किंमत ऐकून आम्ही थांबलो. मेडिक्लेम विचारला तर 24 तास ॲडमिट असाल तर बघू. म्हणजे कॉटवर पडून राहिले तर पैसे, आणि घरी राहून कामाला जायचं म्हटलं तर सगळं खिशातून. यावर लिहा ना कोणीतरी. आणि तो फोटो बदला, बोटाएवढी जाड सुई आणि टोकावर थेंब. आमची सुई इन्सुलिनसारखी बारीक, कापडाच्या टाचणीपेक्षा बारीक असते. तो फोटो बघून माझी भाची म्हणाली, मावशी तू हे स्वतःला टोचतेस?

माझी विनंती आहे की येत्या रविवारी याच जागी खुलासा छापावा, एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून तपासून घेऊन.

आणि विषय निघालाच आहे तर वापरलेल्या सुयांचंही सांगते. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज हा घरगुती घातक कचरा धरला होता, म्हणजे वेगळा द्यायचा. कुठे द्यायचा? केमिस्ट घेत नाही, लॅबवाला म्हणतो फक्त आमच्याच सुया घेतो, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं तर सुक्यात टाका म्हणाले. सुक्यात कशा टाकू? खाली सफाईवाल्या मावशी उघड्या हाताने कचरा वेगळा करतात. मी जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवते, झाकणाला चिकटपट्टी, ती बरणी आता गळ्यापर्यंत भरलीय. सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सुयाही त्यातच. तुमचा वॉर्डाच्या बातम्या देणारा बातमीदार आहे, त्याला विचारायला सांगा की मुंबईत माणसाने घरच्या सुया नेमक्या कुठे नेऊन द्यायच्या, आणि उत्तर पत्त्यासकट छापा.

आपली,
एक नियमित वाचक, भांडुप (प.)
(नाव छापू नये, ऑफिसात हाच पेपर येतो.)