बूदँचं आभाळ

ल हाव्र, फ्रान्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण आज विषय तुमच्या जिव्हाळ्याचा आहे. इथं बंदराच्या तोंडाशी एक कलासंग्रहालय आहे. यूजेन बूदँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं तिथं भरपूर आहेत. १८९८ मध्ये तो गेल्यावर त्याच्या भावानं स्टुडिओतला उरलेला ठेवा शहराला देऊन टाकला. बूदँचा जन्म सेन नदीच्या समोरच्या तीरावर, ओंफ्लरचा. बाप खलाशी.

बाबा, हा माणूस गलबतं खाली दाटीवाटीनं बसवतो आणि बाकी सगळा कागद आभाळाला देतो! एका छोट्या पेस्टलपुढे मी बराच वेळ उभी होते. तळाला समुद्राची बोटभर राखाडी पट्टी, वर पांढरा खडू बोटानं चोळून विरवलेला, आणि ढगाच्या पोटाशी किंचित जांभळट छटा. सेन नदी इथं समुद्राला मिळते, पश्चिमेचा वारा सतत ढग हाकत असतो, त्यामुळे एकच उजेड फार वेळ टिकत नाही. म्हणून तो भराभर काढायचा आणि तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. कवी बोदलेरनं १८५९ मध्ये ही चित्रं पाहिली. त्याचं म्हणणं, त्या नोंदी हातानं झाकल्या तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतो. मला याहून मोठी शाबासकी सुचत नाही. निसर्गचित्रकार कोरो तर बूदँला आभाळांचा राजा म्हणायचा.

चित्रकार मोने बूदँहून सोळा वर्षांनी लहान. याच गावात व्यंगचित्रं विकणाऱ्या त्या पोराला बूदँनं उघड्यावर रंगवायला नेलं. पुढे १८७२ मध्ये मोनेनं इथल्याच बंदरातला धुक्यातला सूर्योदय रंगवला. ते चित्र पॅरिसला आहे. त्यातला नारिंगी सूर्य डोळ्यांत भरतो ना? त्याच चित्राचा कृष्णधवल फोटो बघा, सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतालच्या राखाडीइतकाच आहे. सगळी किमया नुसत्या रंगाची!

तुम्ही मिरकरवाड्याची चित्रं काढता तेव्हा होड्या आधी आणि आभाळ उरल्या जागेत. यंदा मृगात एकदा उलटं करून बघा, मागे वेळ आणि वारा लिहा, आणि मला फोटो पाठवा.

पुढच्या रविवारी ओंफ्लरला जाणार आहे. आईला म्हणावं, मेतकूट पोचलं.

तुमची,
मनू